प्रसादाचं प्रमाण

ता. ६ डिसेंबर १९३६, रविवार. चौल.
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची आयुष्यं लोकांना मागाहून शोधत बसावी लागतात. माझ्या बाबतीत ती गैरसोय नको.

कॉलेज सोडून महिना झाला. गावात 'काढलं' म्हणतात. चूक आहे. केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांनी भर वर्गात माझ्या टेस्ट ट्यूबला गटार म्हटलं. मी ती भिंतीवर फेकली. भिंतीच्या पुढं ते उभे होते, हा निव्वळ योगायोग. नोटीस दुसऱ्या दिवशी लागली. मी मनातून आदल्या दिवशीच राजीनामा दिला होता.

आबांनी विचारलं, आता पुढं काय? म्हटलं, विचार चालू आहे. म्हणाले, विचाराला हात लागत नाहीत, तोवर आपल्या वाडीतली सुपारी सोल.

निश्चय पहिला: जन्मात सुपारी सोलणार नाही. ज्या हातांनी सल्फ्युरिक ॲसिड हाताळलं, त्या हातांनी पोफळाची सालं काढायची?

संध्याकाळी सायकल काढून रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गेलो. तिथं शिवदास शेटचा रेसचा घोडा आहे. पायांना खारं पाणी लागावं म्हणून मोसमाआधी मुंबईहून इथं आणून ठेवलाय. पेपरात त्याचं नाव सिल्व्हर टाइड. त्याला सांभाळणारा धर्माजी रुपाजी म्हणतो. धर्माजीची मुलगी सगुणा घोड्याला धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. मी विचारलं, चावतो का? म्हणाली, माणूस बघून. आणि हसली.

येताना सायकलवरून दोनदा पडलो. प्रेम.

ता. १० डिसेंबर, गुरुवार.
सगुणा मला दादा म्हणाली. आधी वाईट वाटलं. मग शांतपणे विचार केला. बाप समोर असताना मुलगी दुसरं काय म्हणणार? शिवाय दादा म्हणताना तिनं मान खाली घातली. (घोड्याचा खूर बघत होती, पण तेवढंच नव्हे.) घोडा पळवायला ठेवलेला बुधाजी म्हणून एक हडकुळा गडी आहे, त्याला ती सरळ बुध्या म्हणते. म्हणजे त्याची किंमत कळलीच. त्याच्यासाठी भाकरी आणते, पण गड्याला भाकरी द्यावीच लागते.

ता. १७ डिसेंबर, गुरुवार.
खळबळ. दादूच्या चहाच्या दुकानात मुंबईचा पेपर आला. (दादू चहा विकतो आणि चहाच्या आडून मुंबईच्या रेसवर लोकांचे पैसे लावून घेतो.) तिथल्या रेस क्लबानं जाहीर केलंय की या मोसमापासून जिंकणाऱ्या घोड्याची लाळ काढून लॅबोरेटरीत तपासणार. औषध निघालं तर घोडा बाद आणि सांभाळणारा घरी.

दुकानात सुतक पडलं. आमचे लोक आजवर घोडा बघून नव्हे, गोळी बघून पैसे लावत आले. कुणाला काय चारलंय याची खबर आगबोटीवरचा खलाशी आणायचा, त्यावर भाव ठरायचा. आता त्या खबरीला कोण विचारतो? रेड सुलतान म्हणून फेव्हरिट आहे. तो गोळीवर पळतो असं ज्याच्या त्याच्या तोंडी. त्याचा भाव पेपर वाचता वाचता रुपयाला दिडावरून चारावर गेला. दादू म्हणाला, आता निकाल दोन. एक पायाचा आन् एक तोंडाचा.

मग सगळे माझ्याकडं वळले. तुम्ही साइन्सवाले, ही औषधं म्हणजे असतंय तरी काय? मी म्हटलं, अल्कलॉइड्स. सगळे गप्प. मीही गप्प. ते प्रकरण दुसऱ्या टर्मला होतं, आणि मी पहिल्या टर्मलाच पुढं निघून आलो.

ता. १८ डिसेंबर, शुक्रवार. पहाटे.
सिद्धांत सुचला! आजवर बाजारभाव घोड्याचा नव्हता, गोळीचा होता. गोळी बंद झाली की भाव खोटे. मग जिंकणार कोण? जो आधीपासून स्वच्छ आहे तो. असा घोडा कुठं आहे? आमच्या समुद्रात उभा आहे! धर्माजी त्याला हरभरा, गवत आणि शिव्या यांपलीकडं काही देत नाही. सिल्व्हर टाइडचा भाव दादूकडं रुपयाला बारा आहे. साऱ्या मुंबईत ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आलेली नाही.

नाव: स्वच्छ लाळेचा सिद्धांत. प्रोफेसरांना पुढंमागं कळवायचं.

ता. ३ जानेवारी १९३७, रविवार.
धर्माजीनं आज मन मोकळं केलं. शेटनं कबूल केलंय: फेब्रुवारीतली रेस रुपाजीनं मारली, तर मुंबईचा अख्खा तबेला धर्माजीच्या हातात. राहायला पक्क्या खोल्या. हरला तर घोडा विकणार, मग धर्माजीचं इथलं कामही संपलं. त्याला ना शेत, ना होडी. लढाईत बसऱ्याला सरकारी खेचरं सांभाळली, तेव्हापासून जनावरापलीकडं काही येत नाही. म्हणाला, अनंतराव, म्हातारपणाचं जे काय हाय ते ह्या चार पायांवर उभं हाय.

पुढं म्हणाला, सगुणाचं लगीनबी रेस झाल्यावरच. पोरगा बघून ठेवलाय, घरातलाच म्हना.

हे बोलताना माझ्याकडं बघत होता. मी रोज जातो. घरातलाच.

ता. १४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत.
शेजारच्या येसूबाईनं घोड्याला तिळगूळ द्यायला हात पुढं केला. धर्माजीनं तो हवेतच धरला. म्हातारे, माझी चाकरी खातीस काय? येसूबाई म्हणाली, मेल्या, सणाचं गोड जनावराला न्हाय तर काय तुला घालू, तुझं तोंड बघ. दोघांची चांगली जुंपली. मी मध्ये पडलो आणि शास्त्रीय पद्धत घालून दिली. फळीवर खडूनं लिहून तबेल्याला लावली: अफू, भांग, गांजा, तंबाखू, दारू, चहा, वैद्याची मात्रा बंद. धर्माजीनं फळीला नमस्कार केला.

सगुणानं विचारलं, दादा, पानसुपारी? मला हसू आवरेना. म्हटलं, अगं ते काय औषध आहे? ती रीत आहे. आमचे आबा चाळीस वर्षं सुपारी खातात, कुठली रेस मारली? सगळे हसले. बुधाजी तेवढा हसला नाही. विनोदाला शिक्षण लागतं.

तिच्या हातचा तिळगूळ मिळाला. बुधाजीला दोन दिले. त्याच्या बोलण्यात गोडवा कमी आहे, त्यामुळं.

ता. २० जानेवारी, बुधवार.
निर्णय घेतला. सायकल एका शाळामास्तरांना विकली. केमिस्ट्रीची पुस्तकंही त्यांनीच घेतली. म्हणाले, अर्ध्याच्या पुढची पानं तर अजून कापून सुटी केलेलीसुद्धा नाहीत, नवीच आहेत. ही पुस्तकाची तारीफ की मला टोमणा? भांडणार होतो, पण सायकलीचे पैसे अजून त्यांच्या खिशात होते.

सगळे पैसे सिल्व्हर टाइडवर. माझं ऐकून दुकानातल्या निम्म्या लोकांनी लावले. दादूनं पैसे घेताना विचारलं, अनंतराव, नक्की ना? मी त्याला सिद्धांत पुन्हा पहिल्यापासून सांगितला. म्हणाला, नको नको, घेतो.

किनाऱ्यापर्यंत चालत. पाय दुखतात. पुढच्या महिन्यात मोटार.

ता. ५ फेब्रुवारी, शुक्रवार.
देवीला कौल लावला. माझा यावर विश्वास नाही; पण धर्माजी म्हणाला, आईला विचारल्याबिगर रुपाजी वेस ओलांडनार न्हाय. गुरवानं देवीच्या दोन खांद्यांना पाण्यानं दोन सुपाऱ्या चिकटवल्या. उजवी पडली तर यश. आम्ही सगळे सुपाऱ्यांकडं बघत बसलो. सगुणाचे डोळे मिटलेले. ओठ हलत होते. माझंच नाव असणार.

उजवी पडली! मी ओरडलो. गुरवानं डोळे वटारले.

रीत अशी की ज्याच्यासाठी कौल घेतला, त्यानं कौलाची सुपारी खाऊनच कामाला लागायचं. धर्माजी म्हणाला, घोड्याच्या तोंडात मी काय घालनार न्हाय. फळीवर लिवलंय. मी म्हटलं, फळी मी लिहिली, मला विचार. सुपारी फळीवर आहे? न्हाय. मग? शिवाय हा प्रसाद. देवीनं दिलेलं लॅबोरेटरीत कसं सापडेल?

तरी त्याचा पाय निघेना. बुधाजी मध्येच म्हणाला, मामा, कशाला, नुस्ती कपाळाला लावा. मी तापलो. म्हटलं, तू कुठल्या कॉलेजात होतास? धर्माजीनं त्याला गप्प केलं. म्हणाला, बुध्या, ते शिकलेले हायत. काय ते प्रमानशीर करतील.

शिकलेले! सगुणाच्या देखत!

ता. ६ फेब्रुवारी, शनिवार.
दिवसभर काम. धर्माजीनं 'प्रमाणशीर' म्हटलं आणि मला मुद्दा सुचला. एक सुपारी एका माणसाचा प्रसाद. घोडा वजनानं सहा-सात माणसांचा. त्याला एकच देणं म्हणजे देवीचा अपमान आणि गणिताचाही. शिवाय त्याला पळायचंय. आबा हरिहरेश्वराला गेलेत. माळ्यावरून त्यांची राखून ठेवलेली रोठा जातीची सुपारी काढली. (गोल, पांढरी, एक नंबर.) अडकित्त्यानं बारीक कातरली, कुटली, कौलाच्या सुपारीत मिसळली, गुळात घालून लाडू वळले. हाताला फोड आला. सुपारी सोलणार नाही हा निश्चय कायम आहे. हे कातरणं होतं.

चव बघावी असं मनात आलं. पण प्रसाद उष्टा कसा करायचा?

ता. ७ फेब्रुवारी, रविवार.
घोडा गेला. चालत रेवसला, पुढं पडावातून मुंबई. सोबत धर्माजी आणि बुधाजी. लाडवांची पुरचुंडी मी स्वतः धर्माजीच्या बंडीच्या खिशात घातली. बजावलं: रेसच्या दिवशीच, एक सकाळी आणि उरलेले मैदानात न्यायच्या आधी. त्यानं खिशावर हात ठेवून मान लववली.

सगुणा पार ते वळणाआड दिसेनासे होईपर्यंत वाटेकडं बघत होती. मी शेजारी होतो. म्हटलं, काळजी करू नकोस, येईल. म्हणाली, व्हय. कोण येईल ते बोललो नाही. दोघांनाही ठाऊक आहे.

ता. १४ फेब्रुवारी, रविवार.
जिंकला!!

आगबोटीवरच्या खलाशानं होडीतूनच ओरडून सांगितलं. पुरतं एका घोड्याएवढं अंतर! शेवटच्या वळणावर अंगात वारं शिरल्यागत सुटला म्हणे. रेड सुलतान दुसरा. दादूच्या दुकानात मला उचलून घेतलं. एवढे लोक मला उचलतील असं वाटलं नव्हतं. एकानं मध्येच सोडलं.

निश्चय: मोटार. मग मागणी. आबांना सांगायचं की सुपारीचा धंदा बंद, जागेवर लॅबोरेटरी.

ता. १५ फेब्रुवारी, सोमवार.
दादू पैसे देत नाही. म्हणतो, पायाचा निकाल लागला, तोंडाचा लागायचाय. मुंबईचे सगळे बुकी लाळ पास झाल्यावरच पैसे सोडणार आहेत. मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, ही लूट आहे! शर्यत घोड्याची की थुंकीची? दादू म्हणाला, अनंतराव, गेल्या महिन्यात तुमीच तर म्हनत व्हता, झकास कायदा.

एक कप फुटला. बशी शाबूत.

गावातले अर्धे लोक आता एका घोड्याच्या लाळेची वाट बघत बसलेत. येसूबाई रोज देवीला नवस बोलते. तिनंही लावले होते, तिळगुळाचा राग विसरून.

ता. २० फेब्रुवारी, शनिवार.
बाद.

ता. २१ फेब्रुवारी, रविवार.
काल एवढंच लिहिलं. आता मुद्देसूद.

लाळेत अल्कलॉइड निघालं. त्याचं नाव अरेकोलीन. खलाशाला ते धड उच्चारता येईना, पण पुढचं बरोबर सांगितलं: सुपारीतलं. त्यानं घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटतं, धडधडतं. लाळ धरायला भांडं लावलं तर भांडं पुरेना म्हणे.

लॅबोरेटरी चूक आहे, याला माझी कारणं. एक, तिथली भांडी कशी धुतात ते मी पाहिलंय. दोन, प्रत्येक लॅबोरेटरीत पान खाणारा असिस्टंट असतो. तीन, प्रसाद होता.

रेड सुलतानची लाळ स्वच्छ निघाली. गोळीवाला म्हणून ज्याला सोडलं तोच. त्याला पहिला धरून दादूनं पैसे वाटले. म्हणजे सिद्धांत तंतोतंत बरोबर होता: स्वच्छ घोडाच जिंकला. फक्त घोडा दुसरा निघाला.

दुकानात कुणी बाकावर सरकून मला जागा दिली नाही. उचलणारे लोक तेच होते.

ता. २२ फेब्रुवारी, सोमवार.
सगुणा आली! आमच्या वाडीच्या फाटकाशी. आयुष्यात पहिल्यांदा. मी शर्ट बदलून गेलो.

रडत होती. म्हणाली, बाबा मुंबईतच हायत. शेटनं घोडा विकायला काढला. येत्या सोमवारी क्लबात बाबांची चौकशी. म्हनतात पैशापायी चारलं. बाबा सांगत्यात, देवीचा प्रसाद व्हता, तर साहेब हसतात. दादा, तुमी जाऊन सांगा. लाडू मी वळले म्हना, सुपारी मी जास्त घातली म्हना. त्यांना तुमची इंग्रजी कळेल. तुमचं काय जाणार हाय? तुमाला कुठं घोडा सांभाळायचाय?

मी म्हटलं, सगुणा, तुझ्यासाठी जाईन. म्हणाली, माझ्यासाठी नको, बाबांसाठी जा. तुमच्याबिगर कोन न्हाय आमाला.

तुमच्याबिगर कोन न्हाय. हे वाक्य तिनं स्वतः उच्चारलं. उद्या पहाटे निघतो.

ता. २३ फेब्रुवारी, मंगळवार.
आगबोट चुकली. सायकल असती तर गाठली असती.

ता. २४ फेब्रुवारी, बुधवार.
गेलो नाही. आधी निवेदन तयार हवं. इंग्रजीत तीन कागद लिहिले. 'मी वळले' हे कुठं घालावं ते ठरेना. 'लाडू वळले गेले' असं लिहिलं, ते जास्त शास्त्रीय वाटतं.

ता. २६ फेब्रुवारी, शुक्रवार.
विचार केला. मी गेलो तर कोण ठरणार? घोड्याला औषध चारणारा. मग कुठलं कॉलेज पुन्हा घेईल? कुठली लॅबोरेटरी? आणि माझं आयुष्य असं बरबाद झालं तर सगुणाचं काय होणार? तिच्यासाठीच मला जपून राहायला हवं. तिला हे आत्ता कळणार नाही.

शिवाय अलिबागेत निवडणुकीची गर्दी असणार.

ता. २७ फेब्रुवारी, शनिवार.
फाटकाशी पुन्हा आली. आबांना म्हणालो, सांगा ताप आहे. आबांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि तापाचं काही न सांगता तिला परत पाठवलं. माळ्यावरची सुपारी कमी झाल्याचं त्यांनी अजून विचारलेलं नाही. न विचारता बघत बसण्याची त्यांची पद्धत मला पसंत नाही.

ता. २८ फेब्रुवारी, रविवार.
धक्क्यावर गेलो होतो. कुणी म्हणू नये गेला नाही. होडीत एक पाय घातला. आगबोट बाहेर उभी होती, भोंगा झाला. पाण्याला हेलकावा फार होता. मला पाणी बाधतं.

ता. ३ मार्च, बुधवार.
धर्माजीला जन्मभर बंदी. कुठल्याही मैदानात, कुठल्याही तबेल्यात पाऊल टाकायचं नाही. बुधाजीलाही सोबत. घोडा कुणी मिठागरवाल्यानं गाडीला घेतला म्हणतात. खोटं असावं.

क्लबाचं वागणं अमानुष आहे. पेपराला पत्र लिहिणार. कडक.

ता. १९ मार्च, शुक्रवार.
पत्र लिहायचं राहिलं.

धर्माजी परत आला. रस्त्यात गाठ पडली. मी वळणार होतो, पण त्यानं हाक मारली. वाटलं, आता अंगावर येणार. तर हात जोडले. म्हणाला, अनंतराव, तुमाला बोल न्हाय. तुमी प्रमानात दिलं व्हतं. रेड सुलतानवाल्यांनीच रातचं काय तरी घातलं आसंल. मी म्हटलं, तसंच असणार. दोघांचं एकमत झालं. बरं वाटलं.

ता. ६ एप्रिल, मंगळवार.
आबांनी धर्माजीला आमच्या वाडीत कामाला ठेवलं. मला न विचारता. आणि मला म्हणाले, उद्यापासून तू त्याच्या समोर बसायचं.

ता. २५ एप्रिल, रविवार.
आज सगुणाची सुपारी फुटली. बुधाजीशी. 'घरातलाच' म्हणजे धर्माजीच्या बहिणीचा मुलगा, हे आज कळलं. आधी कुणी सांगायला हवं होतं. लगेच लग्न करून दोघं मुंबईला जाणार. बुधाजीला गोदीत हमाली मिळते आहे.

सुपारी आमच्याकडून गेली. आबांनी एक नंबर द्यायला सांगितली. मी निवडून दिली. बोलावणं आबांना होतं. मी दारापर्यंत गेलो. सगुणा पानाचं तबक फिरवत होती. माझ्यापुढं आली तेव्हा तिनं तबक मागं घेतलं आणि म्हणाली, तुमाला नको, तुमी प्रमान मोडता. कुणी ऐकलं नाही. या वेळी दादा म्हणाली नाही. मी किती दिवस वाट बघितली होती त्याची.

ता. २७ एप्रिल, मंगळवार.
सकाळपासून सोलतोय. समोर धर्माजी. त्याचा हात माझ्यापेक्षा हळू चालतो, घोड्याची सवय.

दुपारी सोललेली एक सुपारी त्यानं हातावर घेऊन उलटीपालटी करून बघितली. मग मला विचारलं, अनंतराव, खरं सांगा. तुमी शिकलेले हाय. ह्यात असतंय का वो काय?

आबांचा अडकित्ता मागं थांबला.

मी म्हटलं, काही नसतं.

धर्माजी म्हणाला, मीबी त्येच म्हनतो. आणि सुपारी टोपलीत टाकली.